उरलेले दिवस मोजून द्या

जालन्यातल्या आमच्या घरात, स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या भिंतीवर, डिसेंबर लागल्यापासून एक कापड टांगलेलं आहे. माझ्या आईच्या इरकली लुगड्याचं. वाकळ शिवायला म्हणून ठेवलेल्या तुकड्यांतून मी त्यावर चोवीस खिसे शिवले, सहा-सहाच्या चार ओळी, आणि प्रत्येकावर साखळी टाक्याने आकडा भरला. माझी पाच वर्षांची नात रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी त्या कापडापुढे येऊन उभी राहते. आधी बाहेरून खिसा चाचपते, मग नाक लावून वास घेते, आणि मग हात घालते. हा क्रम तिने स्वतःच ठरवला आहे. मी कितीही घाई केली तरी ती तो मोडत नाही.

आम्ही मराठी ख्रिस्ती. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. उपासनेत दर रविवारी एक मेणबत्ती जास्त पेटते, घरात करंज्या-चकल्यांची तयारी सुरू होते, दारावर चांदणी लागते. पण चोवीस दिवसांचं हे कॅलेंडर माझ्या लहानपणी आमच्याकडे नव्हतं. ते सुनेने आणलं. गेल्या वर्षी तिच्या बहिणीने पुण्याहून पुठ्ठ्याचं एक अ‍ॅडव्हेंट कॅलेंडर पाठवलं होतं. त्याला चोवीस छोटी दारं आणि प्रत्येक दारामागे चॉकलेट. नातीने तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळी दारं उघडून टाकली. घरातले तिला रागावले. मला तिची काहीच चूक दिसली नाही. दाराआड चॉकलेट आहे हे माहीत असताना तीन दिवस ते जपणारी चार वर्षांची पोर शहाणीच म्हणायची. चूक त्या पुठ्ठ्याच्या रचनेत होती, कारण त्यात चोवीसही दिवस आधीच भरून बंद केलेले होते. उद्याचा दिवस आजच तिथे हजर होता, मध्ये फक्त एक पातळ कागद.

म्हणून यंदा मी एकच नियम केला. एका रात्री एकच खिसा भरायचा. नात झोपली की उद्याचा खिसा भरायचा, आणि परवाचा रिकामाच ठेवायचा. तिने पुढचे खिसे चाचपून पाहिले, दोन दिवस पाहिले, आणि मग सोडून दिले. कारण पुढच्या खिशात खरोखरच काही नव्हतं. तिथे मोह आवरायचा प्रश्नच उरला नाही.

खिशात काय घालायचं हे विचारणाऱ्या पुष्कळ आया मला भेटल्या आहेत, म्हणून थोडं सविस्तर सांगते. पहिल्या दिवशी पाच चिंचोके निघाले, एका बाजूने फरशीवर घासून पांढरे केलेले. त्यांचा खेळ अजून चालू आहे. एक दिवस माझ्या मुलाचा, म्हणजे तिच्या बाबाचा, तिच्याच वयाचा फोटो निघाला. तो तिने दिवसभर सोडला नाही. तुरीच्या ओल्या शेंगा निघाल्या. हरभऱ्याचा डहाळा निघाला, तो खिशात मावेना आणि सकाळी लांबूनच दिसला, तरी तिने वास घेतलाच. बऱ्याच खिशांत चिठ्ठ्या असतात. तिला अजून वाचता येत नाही म्हणून चिठ्ठीवर चित्र असतं. लाटणं काढलं असेल तर त्या दिवशी आमच्याबरोबर लाटायला बसायचं. चांदणी काढली असेल तर संध्याकाळी बाबाबरोबर शिडी धरायची. बाराव्या दिवशी मूठभर गहू निघाले. ते मातीच्या परळात पेरले. नवरात्रात घटाचं धान्य नऊ-दहा दिवसांत कसं वर येतं हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. त्या हिशेबाने चोवीस तारखेला ते ऐन भरात असतील, आणि येशूजन्माच्या गव्हाणीच्या देखाव्यात हिरवं कुरण म्हणून ठेवता येतील. पहिल्या दिवशी पेरले असते तर तोवर पिवळे पडून माना टाकल्या असत्या. एक काळजी मात्र घ्या. घरात आणखी लहान भावंड असेल तर मणी, बटणं, शेंगदाणे खिशात नकोत, आणि गुंज तर कुठल्याच घरात नको. ती दिसायला सुंदर, पण बी विषारी.

या सगळ्याला पैसे जवळजवळ लागले नाहीत, पण ती फुशारकी मला मारायची नाही. पैशाऐवजी दुसरंच काही लागलं. रोज रात्री कुणीतरी जागं राहावं लागलं. नवव्या दिवसाच्या आदल्या रात्री मला ताप होता. मी लवकर पडले, आणि खिसा राहून गेला. सकाळी नातीने चाचपलं, वास घेतला, हात घातला. मग खिसा उलटा करून अस्तर बाहेर काढलं आणि माझ्याकडे पाहत विचारलं, “आजी, आज दिवस नाहीये का?”

तिने खाऊ नाही का, असं विचारलं नाही. तिच्या लेखी खिसा म्हणजेच दिवस होता, आणि तो कुणीतरी रात्रीतून आणून ठेवायचा असतो. तेव्हापासून मला एक गोष्ट पक्की वाटू लागली आहे, आणि हा लेख तिच्यासाठीच लिहिते आहे. लहान लेकराला आपण वाट पाहायला लावत असू, तर त्या वाटेचे दिवस मोजून आणि भरून देणं हे मोठ्यांचं काम आहे. ते लेकरावर सोडता येत नाही, आणि बाजारावरही सोडता येत नाही. घरात ते काम आई-आजीचं. ज्या लेकरांना घराने नव्हे तर आपल्या सगळ्यांच्या अर्थव्यवस्थेने वाट पाहायला लावलं आहे, त्यांच्या बाबतीत ते सगळ्यांचं.

ही चाल आली कुठून ते आधी पाहू. जर्मनीतल्या प्रोटेस्टंट घरांत एकोणिसाव्या शतकात दारावर खडूच्या चोवीस रेघा ओढून रोज एक पुसायची पद्धत होती. म्युनिकच्या गेरहार्ड लांग नावाच्या प्रकाशकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापील कॅलेंडरं काढली. त्याच्या लहानपणी त्याची आई पुठ्ठ्यावर चोवीस बिस्किटं टाचून द्यायची, त्यावरून त्याला ते सुचलं असं सांगतात. खरा आगमनकाळ काही दर वर्षी चोवीस दिवसांचा नसतो. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांमध्ये कधीही येतो, त्यामुळे तो काळ कधी बावीस दिवसांचा असतो, कधी अठ्ठावीस. एक ते चोवीस हा ठोकळा छापखान्याच्या सोयीचा. उरलेला माल पुढच्या वर्षीही विकता येतो.

पण छापील कॅलेंडरांच्याही आधीची एक हकीकत आहे, आणि मला सगळ्यात जास्त तीच महत्त्वाची वाटते. हॅम्बुर्गजवळ योहान हिनरिच विचर्न या धर्मोपदेशकाने १८३३ मध्ये गरीब आणि निराधार मुलांसाठी एक वसतिगृह काढलं. तिथली मुलं डिसेंबर लागला की रोज विचारायची, नाताळ आज आहे का, उद्या आहे का. १८३९ साली त्याने गाडीचं एक जुनं लाकडी चाक घेतलं, त्यावर रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या आणि मधल्या दिवसांच्या लहान लाल मेणबत्त्या लावल्या, आणि रोज एक पेटवत गेला. मुलांना आता विचारावं लागत नव्हतं. चाकाकडे पाहिलं की किती उरले ते कळत होतं.

म्हणजे दिवस मोजून देण्याच्या या चालीचा एक मोठा झरा सुखवस्तू घराच्या दिवाणखान्यात नाही. ज्या मुलांजवळ आईबाप नव्हते किंवा असून नसल्यासारखे होते, त्यांच्या वसतिगृहात आहे. दुकानातल्या चकचकीत खोक्यावर हे कुणी छापत नाही.

“पण हे आपलं नाही,” असं मला दोघा-तिघांनी सांगितलं. त्यांतला एक जण आमच्याच मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, होता, आणि एक शेजारच्या घरातल्या काकू, ज्या मार्गशीर्षातले गुरुवार नेमाने करतात. काकूंना मी म्हटलं, तुमचे चार गुरुवार आणि आमचे चार रविवार एकाच थंडीत येतात. तुम्ही घट मांडता, आम्ही मेणबत्ती लावतो, आणि दोन्ही घरांतली लेकरं शेवटच्या वाराची वाट बघतात. हादग्याचं बघा. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की सोळा दिवस पाटावर हत्ती मांडायचा, पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं रोज एक वाढवत जायचं. आणि शेवटी झाकलेला डबा. खिरापत काय आहे ते ओळखल्याशिवाय झाकण निघायचं नाही. पोरी डबा हलवून आवाज ऐकायच्या, वास घ्यायच्या. माझ्या नातीचं खिशाला नाक लावणं मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला चाळीस वर्षांपूर्वीचं अंगण आठवलं. मी ख्रिस्ती घरातली, पण हादग्याच्या फेरात मलाही ओढून घ्यायच्या, आणि कुणाच्या घरी कुठली खिरापत होणार याचे आडाखे आम्ही सगळ्या मिळून बांधायचो. लातूर-धाराशिवकडे येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, जवळ आली की लेकरं आंबिलीच्या बिंदग्याची, म्हणजे घड्याची, आणि रानातल्या कोपीची, म्हणजे खोपीची, वाट कशी बघतात, हे तिकडच्या कुणालाही विचारा. दिवस मोजत जाणं आणि रोज काहीतरी झाकून ठेवून ते ओळखायला लावणं, ही कला मराठवाड्यातल्या बायकांना कुणी जर्मनीहून येऊन शिकवायची गरज नव्हती. ती आपल्याकडे होती. हळूहळू आपण ती टाकून दिली, आणि आता तीच पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून पैसे मोजून परत घेतो आहोत, हे मला लागतं. म्हणून मी खिसे शिवले.

आता ज्यासाठी लिहायला बसले त्याकडे येते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. नोकरीतली बरीच वर्षं बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात गेली. तिकडच्या शाळेत दसरा-दिवाळीनंतर वर्ग अर्धा होतो. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली कुटुंबं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. तिकडे नवरा-बायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात, ‘एक कोयता गेला’ म्हणजे दोन माणसं गेली. काही लेकरं त्यांच्याबरोबर जातात आणि फडावरच्या, म्हणजे तोडणीच्या रानातल्या, कोपीत राहतात. काही मागे राहतात, म्हाताऱ्या आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहाच्या जेवणावर. ती राहिलेली लेकरं आम्हाला एकच प्रश्न विचारत.

“बाई, पट्टा कवा पडंल?”

पट्टा पडणे म्हणजे साखर कारखान्याचं उसाचं गाळप संपणे. पट्टा पडला की आईबाप परत. मी कित्येक वर्षं या प्रश्नाला एकच उत्तर दिलं: पडेल लवकर. मला ते धीर देणं वाटायचं. आज ते आठवलं की लाज वाटते. सात वर्षांच्या पोरीला ‘लवकर’ म्हणजे काय कळणार? आपली भाषा तर अशी की ‘परवा’ हा शब्द झालेल्या दिवसालाही चालतो आणि होणाऱ्या दिवसालाही. मोठ्या माणसाला बोलण्यावरून कळतं. लहान लेकरू त्या शब्दात अडकून बसतं.

दुसरीतल्या एका मुलीची गोष्ट सांगते. तिचे आईवडील धाकट्या भावाला घेऊन गेले होते, ही आजीजवळ. शाळेत येताना ती वाटेवरचा एक खडा उचलायची आणि घरी नेऊन अ‍ॅल्युमिनियमच्या एका डब्यात टाकायची, रोज एक. मला ते बऱ्याच दिवसांनी कळलं, कारण ती कुणाला सांगत नव्हती. एकदा शाळेत आली ती गप्पच. विचारलं तर म्हणाली, आजीने घर झाडताना डबा रिकामा केला, खडे उकिरड्यावर गेले. मला वाटलं आता रडेल. ती रडली नाही. मधल्या सुट्टीत पाहिलं तर मैदानाच्या कडेला खडा शोधत होती. मी विचारलं, “आता परत पहिल्यापासून?” ती म्हणाली, “मग कुठून, बाई?”

तेव्हा मला तिचं कौतुक वाटलं. त्यातलं दुःख समजायला मला निवृत्त होऊन घरी खिसे शिवावे लागले. ती मुलगी गेलेले दिवस मोजत होती. माझी नात उरलेले दिवस मोजते. नातीच्या कापडावरचे खिसे कमी होत जातात, म्हणून रोज सकाळी तिचा चेहरा आदल्या दिवसापेक्षा जास्त उजळतो. त्या मुलीच्या डब्यात खडे वाढत जात होते, आणि डबा भरला तरी कुणी येणार होतं असं नाही. उरलेले दिवस मोजायचे तर शेवट माहीत पाहिजे, आणि तो तिला कुणी सांगितला नव्हता. आम्ही सगळे मोठे, मी शिक्षिका, मुकादम, कारखाना, शासन, कुणीच तिला तारीख दिली नव्हती. म्हणून तिच्याजवळ उरलेलं एकच गणित ती करत होती.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं की तारीख कुणालाच ठाऊक नसते. हे अर्धंच खरं आहे. हंगाम मागेपुढे होतो हे मला मान्य आहे. २०२१-२२ च्या हंगामात मराठवाड्यात ऊस इतका जास्त झाला की काही कारखान्यांची धुराडी जून २०२२ पर्यंत पेटत राहिली. उलट २०२४-२५ मध्ये १५ नोव्हेंबरला गाळप सुरू झालं आणि मार्च संपेपर्यंत बहुतेक ठिकाणी आटोपलंसुद्धा. अडीच-तीन महिन्यांचा हा फरक एखाद्या लेकराच्या आयुष्यात केवढा असतो! पण कारखान्याकडे नोंदलेल्या उसाचं क्षेत्र असतं, उताऱ्याचा आणि टनेजचा अंदाज असतो, रोजची गाळप क्षमता तर बोर्डावरच लिहिलेली असते. गाळपाचे रोजचे आकडे पुण्याच्या साखर आयुक्तालयात जातात. उरलेला ऊस भागिले रोजचं गाळप, इतकं सोपं ते गणित आहे, चौथीच्या मुलाला यावं असं. हे गणित कारखाना करतोच. साखर कधी विकायची, वाहनांचे करार कुठवर ठेवायचे, हे त्याशिवाय ठरत नाही. फक्त त्याचं उत्तर बालाघाटच्या शाळेच्या फळ्यापर्यंत येत नाही.

माझी पहिली मागणी हीच. हंगाम कधी सुरू करायचा हे दर वर्षी मंत्री समितीच्या बैठकीत ठरतं आणि पेपरात येतं. तसंच प्रत्येक कारखान्याने जानेवारी संपायच्या आत पट्टा पडण्याचा अंदाजे आठवडा जाहीर करावा आणि दर पंधरा दिवसांनी सुधारून द्यावा. ज्या गावांतून त्याच्या तोडकऱ्यांच्या टोळ्या येतात, त्या गावांच्या ग्रामपंचायतीला आणि शाळेला तो कळवावा. यात अडचण आहे तीही लिहिते. उचल फिटली नाही तर मुकादम टोळीला तिथून दुसऱ्या कारखान्यावर नेतो, आणि आधीची तारीख खोटी ठरते. म्हणून जाहीर करायची ती तारीख टोळी परतण्याची असावी, आणि ती मुकादमाच्या करारात लिहिलेली असावी. बाईमाणसाला बाळंतपणालासुद्धा थांबता येत नाही असल्या करारात एक ओळ लेकराच्या नावाने यावी, एवढं मागणं जास्त नाही.

दुसरी मागणी वसतिगृहांची. हंगामी वसतिगृहं आहेत. २०२१ पासून सामाजिक न्याय विभागाची संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनाही आहे, आणि हे चांगलं झालं. मी पाहिलेल्या एका ठिकाणी धान्य होतं, चटया होत्या, हजेरीपट होता. रात्री आठनंतर लेकरांजवळ बसणारं माणूस नव्हतं. स्वयंपाकीण भांडी घासून घरी जायची, आणि बाहेर कुलूप लावलेलं. तिला मी बोल लावत नाही, तिचंही घर होतं. पण मला आता कळतं की त्या लेकरांच्या रात्रीतून दिवस आणून ठेवणारं कुणी नव्हतं.

“आधी पोटभर जेवण आणि उबदार पांघरूण द्या, मग खिसे शिवा,” असं एका कार्यकर्त्या मैत्रिणीने मला सुनावलं. तिचा राग मला समजतो. जेवण, पांघरूण आणि मुलींच्या वसतिगृहाला आतून लागणारी कडी यांपुढे कापडाचे खिसे काहीच नाहीत, आणि त्या तीन गोष्टींसाठी भांडायचं सोडून कुणी खिसे शिवत बसावं असं मी म्हणणार नाही. पण गरिबाच्या लेकराला फक्त पोट असतं, वाट पाहणारं मन नंतर उगवतं, असं आपण धरून चालतो, तिथे मी तिच्याशी भांडते. विचर्नच्या वसतिगृहातही थाळीचाच प्रश्न मोठा असणार. तरी त्याने चाक टांगलं.

ऊसतोडीचा काळ चोवीस दिवसांचा नाही, चार-पाच महिन्यांचा आहे. रोज एक खिसा भरायचं कबूल करून फेब्रुवारीत थकून सोडून दिलं, तर ते न करण्यापेक्षा वाईट. रिकाम्या खिशात हात घातलेल्या लेकराचा चेहरा मी पाहिलेला आहे, आणि त्या माझ्या नातीजवळ तर आई-बाप-आजी सगळे होते. म्हणून वसतिगृहात आठवड्याचा एक खिसा असावा. दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत साधारण वीस-एकवीस खिसे होतात. त्या चाकावरच्या मोठ्या मेणबत्त्यांसारखं, किंवा काकूंच्या गुरुवारांसारखं म्हणा. प्रत्येक खिशात एक वस्तू किंवा एक काम: भोवरा, नवी पेन्सिल, रविवारी डोंगरात बोरं वेचायला जायची चिठ्ठी, हुरड्याचा दिवस. आणि दर आठवड्याला एक गोष्ट ठरलेली पाहिजे, आईचा फोन, ठरल्या वाराला, ठरल्या वेळेला.

फोन आता सगळ्यांकडे आहेत, त्यात काय, असं वाटेल. फडावरच्या बाया पहाटे तीन-चारला उसात उतरतात, संध्याकाळी कोपीवर येऊन चूल पेटवतात, आणि तोडकऱ्यांच्या पुष्कळ अड्ड्यांवर, म्हणजे मुक्कामांवर, फोन चार्ज करायलाही लाईट नसते. कुणाच्या तरी दुकानात दहा-वीस रुपये देऊन चार्जिंग करावं लागतं. म्हणून ही मागणी कारखान्याकडे: प्रत्येक अड्ड्यावर चार्जिंगची सोय, आणि आठवड्यातून एका संध्याकाळी ऊस भरणीची गाडी अर्धा तास उशिरा. एवढ्याने कुठलंही गाळप अडत नाही. तिकडे वसतिगृहात त्या वेळेला एक मोठं माणूस हजर पाहिजे, नाव ठरलेलं, मानधन ठरलेलं. लेकराला फोन लावून देईल, आणि फोन लागला नाही तर शेजारी बसून राहील. कागदावर हे पद कुठल्याही नावाने आणा. निवृत्त शिक्षिका, बचत गटातल्या बाया, गावातली एखादी कॉलेजची पोरगी, हे काम करणारी माणसं गावोगाव आहेत. आमच्या मंडळीतल्या चौघी जणी येत्या हंगामात एका वसतिगृहाचे खिसे शिवून द्यायला तयार आहेत, आणि शेजारच्या काकूंनी कापड देऊ केलं आहे.

गेल्या आठवड्यात मी माझ्या जुन्या शाळेच्या गावातल्या एका मुकादमाला फोन केला. त्याची मुलं माझ्या हाताखाली शिकलेली, त्यामुळे तो मला अजून मान देतो. मी त्याला म्हटलं, टोळी निघते तेव्हाच परतीचा आठवडा शाळेत सांगून जात जा. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “बाई, तारीख सांगितली अन् पुढं गेली तर? लेकरं मलाच खोटं म्हणतील.”

मी म्हटलं, “पुढे गेली तर पुढे गेली म्हणून सांग. आम्ही तेवढे खिसे आणखी शिवू.”

त्याने वही-पेन मागवल्याचा आवाज आला. वसतिगृहात आपल्या टोळीची किती लेकरं आहेत ते तो मोजत होता.